पडद्यावरचे दर्शन आणि प्रमाणाचा प्रश्न

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दर्शनाचे दोन प्रकार रूढ आहेत. तासन्‌तास रांगेत उभे राहून मूर्तीच्या पायांवर डोके टेकवायचे ते पदस्पर्शदर्शन, आणि तेवढा वेळ किंवा तेवढे बळ नसेल तर काही अंतरावरून मुख पाहून हात जोडायचे ते मुखदर्शन. गेल्या काही वर्षांत या दोहोंच्या जोडीला तिसरा प्रकार आला असून, मंदिर समितीच आपल्या संकेतस्थळावरून गाभाऱ्यातील दृश्य दाखवत असल्यामुळे त्याला ऑनलाइन दर्शन म्हटले जाऊ लागले आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपूरला नेण्यात आल्या, १ जुलैची आषाढी एकादशी बहुसंख्य वारकऱ्यांनी घरी बसून पडद्यावर पाहिली, आणि राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबरला दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा उघडेपर्यंत हा तिसरा प्रकारच अनेकांपुरता एकमेव उरला. अडचणीच्या काळात सोय म्हणून स्वीकारलेली ही गोष्ट आता नित्याची झाली आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयीचा तात्त्विक प्रश्न शांतपणे विचारता येतो. पडद्यावर विठ्ठल पाहणाऱ्याला जे ज्ञान होते ते कोणत्या जातीचे? ते प्रत्यक्ष आहे, अनुमान आहे, की आणखी काही?

हा प्रश्न श्रद्धेच्या बाजूने लगेच निकालात काढता येतो, कारण देव सर्वत्र आहे असे मानणाऱ्याला तो पडद्यातही आहे. परंतु त्या उत्तराने ज्ञानाचा प्रश्न सुटत नाही. देव कुठे आहे हा एक विषय आहे आणि पंढरपूरच्या गाभाऱ्यात या क्षणी काय चालले आहे हे माणसाला कशावरून कळते हा दुसरा. दुसऱ्या विषयाचा विचार करायचा तर ते दृश्य गाभाऱ्यापासून घरातल्या पडद्यापर्यंत कसे येते हे समजून घ्यावे लागते, आणि त्यासाठी संगणकांच्या जाळ्यातील व डिजिटल चित्रणातील काही मूलभूत संज्ञा नीट उलगडाव्या लागतात. तत्त्वचर्चा करणारे बहुधा या तपशिलाकडे पाठ फिरवतात आणि तंत्र जाणणारे तत्त्वचर्चेकडे. या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या तपशिलातच आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांपैकी प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि त्याचा विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे त्या दोहोंचा संबंध येऊन, उपजणारे अबाधित व निश्चित ज्ञान. डोळ्यांच्या बाबतीत नैयायिकांचे मत असे होते की चक्षू हे तैजस इंद्रिय असून ते विषयापर्यंत जाऊन पोहोचते. आजच्या पदार्थविज्ञानाने ही दिशा उलटी ठरवली, कारण प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. तरी संबंध हवा हा मूळ आग्रह त्यामुळे ढळत नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडून वस्तू दिसतात त्याचे काय, अशी शंका घेतलेली आहे आणि या वस्तू दृष्टीला अडवत नाहीत, म्हणून संबंध तुटत नाही, असे तिचे समाधान केले आहे. आरशाचाही तेथे विचार आहे. चष्मा, दुर्बीण आणि आरसा या तिन्ही ठिकाणी वस्तूवरून निघालेला प्रकाशच वळत किंवा परततच का होईना, डोळ्यात शिरतो, त्यामुळे चष्मा लावून घेतलेले दर्शन प्रत्यक्ष नव्हे असे कोणीही म्हणणार नाही. पडदा हीसुद्धा एक लांबलचक काचच आहे असे मानता आले असते तर प्रश्न येथेच संपला असता. पण गाभाऱ्यातील समईचा प्रकाश मूर्तीवर पडून परततो आणि कॅमेऱ्यात शिरतो, तेथेच त्याचा प्रवास संपतो, आणि पुढे जाते ते केवळ आकड्यांत केलेले वर्णन.

कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांची एक जाळी असते, तिला सेन्सर म्हणतात. प्रत्येक कप्प्यावर किती प्रकाश पडला ते मोजून त्याचा एक आकडा केला जातो. अशा आकड्यांतून घडणारा चित्राचा सर्वांत लहान ठिपका म्हणजे पिक्सेल, आणि चित्राच्या रुंदीत व उंचीत असे किती ठिपके आहेत याच्या मापाला रिझोल्यूशन म्हणतात. घराघरांत फुल एचडी म्हणून ओळखले जाणारे चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची तीव्रता ० ते २५५ यांमधील एकेका आकड्याने सांगितली जाते. असा एक आकडा आठ बिटांत मावतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगू शकणारे माहितीचे लघुतम एकक, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट.

येथेच एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. एकच सेन्सर असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक कप्प्यावर तीनपैकी एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेनुसार निम्मे कप्पे हिरवा, पाव भाग लाल आणि पाव भाग निळा रंग मोजतात, आणि प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या कप्प्यांवरून गणिताने ठरवले जातात. म्हणजे चित्र कॅमेऱ्याबाहेर पडण्याआधीच त्यातील दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून अनुमानित असतात. हे अनुमान एरवी उत्तम साधते आणि त्याने पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही, परंतु प्रमाणांचा विचार करणाऱ्याने नोंद घ्यावी अशी ही पहिली जागा आहे.

चलच्चित्र म्हणजे अशा स्थिर चित्रांची मालिका. तिच्यातील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम हे माप रूढ आहे. एका फ्रेमचे ६२,२०,८०० बाइट धरले तर एका सेकंदाचे १५ कोटी ५५ लाख बाइट, म्हणजेच सुमारे १२४ कोटी बिट होतात. दर सेकंदाला किती बिट खर्ची पडतात याला बिटरेट म्हणतात, आणि एखाद्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात याला बँडविड्थ. घरगुती जोडणीतून पाहिल्या जाणाऱ्या फुल एचडी चित्रणाचा बिटरेट साधारणपणे ५० लाख बिटांच्या आसपास असतो. याचा अर्थ मूळ माहितीच्या अडीचशेव्या हिश्श्याइतकीच माहिती पाठवून पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे समाधान होईल असे चित्र उभे केले जाते. हे संकोचन, म्हणजे माहिती आवळून लहान करण्याचे काम, जो करतो त्याला एन्कोडर, जो पडद्याच्या बाजूला ती माहिती पुन्हा उलगडतो त्याला डीकोडर, आणि या जोडीने पाळायच्या ठरलेल्या रीतीला कोडेक असे नाव आहे. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक आजही फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

संकोचनाच्या युक्त्या अनेक आहेत, पण येथे तीनच युक्त्यांची गरज आहे. पहिली अशी की माणसाचा डोळा उजेडातील फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगांतील फरक टिपत नाही, म्हणून रंगांची माहिती चार ठिपक्यांमागे एकदाच पाठवली जाते आणि तेवढ्यानेच भार निम्मा होतो. दुसरी युक्ती गणिती आहे. मूळचे बंगळुरूचे नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडलेल्या डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या पद्धतीने चित्राच्या लहान चौकोनी तुकड्याचे सावकाश बदलणाऱ्या आणि भरभर बदलणाऱ्या छटांत विभाजन करता येते, आणि त्यांतील अतिसूक्ष्म बदल डोळ्याला जाणवत नसल्याने ते सोडून देता येतात. विठ्ठलाची मूर्ती काळ्या पाषाणाची असल्याने या काटकसरीचा परिणाम तिच्या दर्शनावर विशेष होतो. कमी बिटरेटच्या चित्रणात गडद भागातील जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळून त्यांचे डाग किंवा चौकटी होतात, आणि हातभर अंतरावरून पाषाणाची जी झीज व जो तुकतुकीतपणा डोळ्यांत भरतो तोच नेमका वगळला जातो.

तिसरी युक्ती सर्वांत प्रभावी आहे आणि तत्त्वदृष्ट्या सर्वांत बोलकीही. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बहुतेक भाग सारखाच असतो, म्हणून प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवण्याचे कारण नसते. साधारणपणे काही सेकंदांतून एकदा एक संपूर्ण फ्रेम पाठवली जाते, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढे कळवले जाते. चित्र चौकोनी तुकड्यांत विभागलेले असते. एखादा तुकडा जागेवरून सरकला असेल तर तो कोणत्या दिशेला किती सरकला ते सांगितले जाते, आणि काहीच बदल नसेल तर मागचाच तुकडा ठेवा एवढी अत्यल्प खूण पुरते. आता काकडआरतीचे दृश्य या दृष्टीने पाहावे. कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला आहे, मूर्ती कमरेवर हात ठेवून विटेवर उभी आहे, आणि तिच्यासमोर पुजाऱ्याचा हात व निरांजनाच्या ज्योती फिरत आहेत. हात हलतो, ज्योत लवते, धूर वर चढतो. एन्कोडरची जवळजवळ सर्व शक्ती आणि बिटांचा मोठा वाटा या हालचालींचे वर्णन करण्यात खर्च होतो. मूर्तीच्या वाट्याला मात्र दोन कीफ्रेमच्या मधल्या काळात बहुतांशी मागचेच ठेवा ही खूणच येते. ज्या विठ्ठलासाठी भाविक पडद्यापुढे बसला आहे त्याचे चित्र त्या क्षणी पाठवले जात नसून भाविकाच्याच यंत्रात साठवलेले दोन-चार सेकंदांपूर्वीचे चित्र पुन्हा दाखवले जात असते. जे अचल आहे ते या व्यवस्थेत सर्वांत कमी प्रवास करते.

फ्रेमची ही मालिका पाहून बौद्धांच्या क्षणिकवादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वस्तू म्हणून जे टिकून राहिलेले भासते ते वास्तविक क्षणाक्षणाला उपजणाऱ्या आणि विरणाऱ्या क्षणांचा संतान, म्हणजे अखंड ओघ, असतो असे ते मत आहे, आणि २५ स्थिर चित्रांतून चालती आरती उभी राहताना पाहिली की ते पटल्यासारखे वाटते. मात्र हे साम्य फार ताणू नये. बौद्ध मतात प्रत्येक क्षण स्वतःपुरता सत् असतो आणि पुढच्याला जन्म देऊन नाहीसा होतो, तर संकोचित चित्रणातील मधली फ्रेम मागच्या फ्रेमवाचून चित्रच होऊ शकत नाही. ती केवळ आधीच्या चित्रात करायच्या दुरुस्तीची सूचना असते.

येथवर जे हाती लागले ते असे की पडद्याकडे निघालेली वस्तू चित्र नसून चित्र पुन्हा काढण्याच्या सूचनांचा संच आहे. त्याचा पुढील प्रवास संगणकांच्या जाळ्यातून होतो. माहितीचे लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे धाडण्याची कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली, आणि या तुकड्यांना पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिले. सुट्या पानांची एखादी पोथी पानांवर आकडे घालून वेगवेगळ्या वाटसरूंच्या हाती पाठवावी, पाने मागेपुढे पोहोचावीत आणि मुक्कामी आकड्यांच्या क्रमाने ती पुन्हा लावून घ्यावीत, तशी ही रीत आहे. एका पॅकेटमध्ये सामान्यतः १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो, त्यामुळे वर सांगितलेल्या बिटरेटच्या एका सेकंदाच्या चित्रणाची चारशेहून अधिक पॅकेटे होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. आयपी पत्ता म्हणजे जाळ्यातील यंत्राची आकड्यांत लिहिलेली ओळख. वाटेतल्या चौकांवर राऊटर नावाची यंत्रे असतात, ती पत्ता वाचून पॅकेट पुढच्या योग्य वाटेला लावतात. एखादे पॅकेट चुकीच्या वाटांवर कायम फिरत राहू नये म्हणून त्यावर एक आकडा असतो, प्रत्येक राऊटर तो एकाने कमी करतो, आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते.

पॅकेटे हरवतात, उशिरा येतात, क्रम सोडून येतात. हे सावरण्यासाठी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या विचारातून टीसीपी हा नियमसंच विकसित झाला. अशा नियमसंचाला प्रोटोकॉल म्हणतात. टीसीपीत प्रत्येक बाइटचा क्रम ठरलेला असतो, मिळालेल्याची पोच द्यावी लागते आणि पोच न आल्यास तोच मजकूर पुन्हा पाठवला जातो. यूडीपी हा दुसरा प्रोटोकॉल पोच मागत नाही आणि हरवलेले परत पाठवत नाही, म्हणून तो जलद असतो व समोरासमोरच्या संभाषणासाठी अधिक सोयीचा ठरतो. तेथे एखादे पॅकेट कायमचे हरवले तर डीकोडर रिकामी जागा मागच्या फ्रेममधील किंवा शेजारच्या तुकड्यांवरून भरून काढतो, आणि पाहणाऱ्याला बहुधा ते कळतही नाही.

यानंतर प्रश्न येतो काळाचा. माहिती निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे पंढरपूरहून अमेरिकेतील एखाद्या मराठी घरापर्यंत पोहोचण्यासाठी अंतरामुळे लागणारा वेळ साधारण एक दशांश सेकंदाचा असतो आणि तो नगण्य मानता येतो. खरा विलंब हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. एका ठिकाणाहून लाखो लोकांना चित्रण पुरवताना, म्हणजे स्ट्रीमिंग करताना, त्याचे काही सेकंदांचे खंड पाडून ते निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरवर, म्हणजे मागेल त्याला माहिती देणाऱ्या संगणकांवर, ठेवले जातात. पाहणाऱ्याचे यंत्र असे दोन-तीन खंड आधी जमा करून मगच दाखवायला लागते. या साठ्याला बफर म्हणतात आणि तो संपल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहते त्याला बफरिंग. साठा असल्यामुळे वाटेतील चढउतार पाहणाऱ्याला जाणवत नाहीत, परंतु त्याची किंमत म्हणून थेट म्हणून दिसणारी आरती दहा, वीस किंवा तीस सेकंदांपूर्वीची असते. शेजारच्या दोन घरांत ती वेगवेगळ्या क्षणी दिसू शकते. तो साठा मिनिटांचा, तासांचा किंवा वर्षाचाही असू शकतो, आणि कालची आरती आज दाखवली तर पॅकेटे त्याच रीतीने येतात, डीकोडर त्याच रीतीने चित्र काढतो, पडद्यावर तसूभरही फरक पडत नाही. हे दृश्य आत्ताचे आहे ही गोष्ट त्या दृश्यात कोठेही दिसत नाही.

स्थळाचेही तसेच आहे. संकेतस्थळाचे नाव टाइप केल्यावर डीएनएस ही व्यवस्था त्या नावाचा आयपी पत्ता शोधून देते, आणि ब्राउझरमध्ये दिसणारे कुलुपाचे चिन्ह किंवा त्यासारखी खूण एवढेच सांगते की जोडणी त्याच नावाच्या सर्व्हरशी आहे आणि वाटेत कोणी मजकुरात फेरफार केलेला नाही. सर्व्हरला ओळख असते, गाभाऱ्याला नसते. त्या सर्व्हरवर येणारे चित्रण कोणत्या कॅमेऱ्याचे आहे आणि तो कॅमेरा कोठे लावला आहे, याची खात्री जाळ्यातील कोणतीही संज्ञा देऊ शकत नाही.

आता प्रमाणाच्या प्रश्नाकडे वळता येते. पडद्यावर पाहणाऱ्याला पडद्याचे प्रत्यक्ष होते यात वाद नाही. त्याला मूर्तीचे रूपही कळते, आणि ते बऱ्याच अंशी खरे कळते. नव्यन्यायाने, म्हणजे न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेने, ज्ञानलक्षण नावाचा एक अलौकिक संनिकर्ष मानला आहे. दुरून चंदन दिसताच ते सुगंधी आहे असे जे जाणवते त्यात पूर्वीचे ज्ञानच इंद्रिय आणि विषय यांना जोडते, असे ते मत आहे. ज्याने एकदा तरी पंढरपूरला जाऊन पायांवर डोके टेकवले आहे त्याला पडद्यावरची मूर्ती पाहताना पाषाणाचा गार स्पर्श आणि तुळशीचा वास जाणवत असेल तर त्याची उपपत्ती या मार्गाने लागते. परंतु हे दृश्य आत्ताचे आहे आणि ते तेथलेच आहे, या दोन गोष्टी रूपातून कळत नाहीत, पूर्वज्ञानातूनही कळत नाहीत, आणि अनुमानातूनही निश्चित होत नाहीत, कारण अनुमानाला लागणारी व्याप्ती, म्हणजे चित्र दिसते तेथे मूर्ती त्या क्षणी समोर असतेच असा अव्यभिचारी संबंध, येथे उपलब्ध नाही. त्या दोन्ही गोष्टी कळतात त्या मंदिर समितीने तसे सांगितले म्हणून. थेट दर्शन म्हणताना ज्या थेटपणावर सारा भर आहे तो शब्दप्रमाणाने मिळालेला आहे.

या निष्कर्षाला एक गंभीर आक्षेप आहे. केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८४ साली असे प्रतिपादले की छायाचित्र पारदर्शक असते आणि त्यातून आपण वस्तूच पाहतो, कारण चित्रकाराचे चित्र त्याच्या समजुतीवर अवलंबून असते, तर छायाचित्र कोणाचीही समजूत मध्ये न येता थेट वस्तूवर अवलंबून असते. वस्तू वेगळी असती तर छायाचित्रही वेगळे आले असते. हा युक्तिवाद चित्रणाला लावला तर यंत्र काही सांगत नाही, ते फक्त दाखवते, आणि मग शब्दप्रमाणाला येथे जागा राहत नाही. फिल्मच्या छायाचित्राबाबत या म्हणण्यात बराच जोर आहे. डिजिटल चित्रणाबाबत तो उणावतो, कारण कोडेकमध्ये डोळ्याला काय जाणवते आणि काय सोडले तरी चालते याविषयीच्या मानवी समजुतीच नियमरूपाने बसवलेल्या आहेत, आणि अलीकडे चित्र अधिक ठसठशीत दिसावे म्हणून शिकवलेल्या प्रणालींकडून मुळात नसलेला तपशील भरून घेण्याचीही सोय झाली आहे. तरीही वॉल्टन यांचे म्हणणे रूपापुरते मान्य करता येईल. स्वतः वॉल्टन यांनीच छायाचित्रातून दिवंगत पूर्वजही दिसतात असे म्हटले आहे, यावरून ती पारदर्शकता काळाविषयी काहीच हमी देत नाही हे उघड होते, आणि ऑनलाइन दर्शनाचा कणा काळाची ती हमी हाच आहे.

शब्दप्रमाण म्हटल्याने ऑनलाइन दर्शन कमी प्रतीचे ठरते असे कोणी मानू नये. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र आणि पूर्ण प्रमाण आहे. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द असे गौतमाने म्हटले, आणि वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताचे लक्षण असे सांगितले की ज्याने वस्तू स्वतः यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो. ही अट जन्माची नसून जाणतेपणाची आणि प्रामाणिकपणाची आहे. वारकरी परंपरेला तर ऐकून झालेल्या दर्शनाचे अप्रूप नाही. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वाराशी आहे, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले गेले त्यांच्यासाठी विठ्ठल म्हणजे शिखर, नाम आणि आतून बाहेर आलेला शब्द एवढाच होता. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कुठे ते दार सर्वांसाठी उघडले. आज अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला फोनच्या पडद्यावर आरती दिसते तेव्हा तिलाही एक दार उघडलेले असते, आणि प्रमाणशास्त्राचा दाखला देऊन ते लावून घेणे अन्यायाचे होईल.

यावर आणखी एक मार्ग सुचवला जातो. भागवतपुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत पाषाण, काष्ठ आणि धातू यांच्याबरोबर रेखाटलेली, वाळूची आणि मनोमय प्रतिमाही आहे. त्या आधारे पडद्यावरचे चित्र हीच एक प्रतिमा मानावी, तिला गाभाऱ्याशी जोडण्याची गरजच नाही, असे म्हणता येते. हा मार्ग शास्त्राला धरून आहे आणि देवघरातील तसबिरीपुढे हात जोडणाऱ्याला तो सहज पटेल. पण तो पत्करला की थेटपणाचे महत्त्व संपते, कारण तसबीर आत्ताची असावी लागत नाही. भाविक तर पहाटे उठून काकडआरतीच्या वेळीच पडद्यापुढे बसतो, आषाढीच्या महापूजेसाठी रात्र जागवतो. त्याला प्रतिमा घरी आहेच. त्याला हवी आहे ती तेथल्या क्षणातली सोबत. म्हणून हा मार्ग प्रश्न सोडवत नाही, तो फक्त प्रश्नाला वळसा घालतो.

देव भक्ताला पाहतो की नाही याविषयी जाळे काही सांगू शकत नाही. टीसीपीची पोच सर्व्हरपर्यंत जाते, मूर्तीपर्यंत नाही. ज्याने सर्व विश्व व्यापले आहे असे भक्त मानतो त्याला पाहण्यासाठी पॅकेटांच्या वाटेची गरज नसते. शंका आहे ती माणसाच्या जाणण्यापुरती, आणि तेथे जबाबदारीही माणसाचीच आहे.

ती जबाबदारी नेमकी कोणाची हे आता स्पष्ट करता येते. पडद्यावर दिसणाऱ्या आत्ताच्या आणि तेथल्या विठ्ठलाविषयी आप्त कोण, तर कॅमेरा नव्हे, कोडेक नव्हे, जाळेही नव्हे. ज्यांनी कॅमेरा लावला आणि हे थेट आहे असे लिहिले ते विश्वस्त. भाविक त्यांच्या शब्दावर हात जोडतो. म्हणून पंढरपूर, शिर्डी आणि सिद्धिविनायक यांच्यासह ऑनलाइन दर्शन देणाऱ्या प्रत्येक देवस्थानाने चित्रणाच्या कोपऱ्यात गाभाऱ्यातील घड्याळाची वेळ सतत दाखवावी, अंदाजे विलंब किती सेकंदांचा आहे ते लिहावे, पूर्वमुद्रित दृश्य लावताना तारखेसह तसे ठळकपणे नमूद करावे, जोडणी तुटल्यास जुनी आरती न लावता जोडणी तुटली आहे असेच सांगावे, आणि चित्र कृत्रिम प्रणालीने सुधारले असेल तर तेही लपवू नये. यासाठी मोठा खर्च लागत नाही. वेळ छापण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आणि एन्कोडरमध्ये असतेच, आणि येत्या आषाढीच्या आत ती सुरू करता येईल.